मालवाहतूक : रस्त्यावरून पुन्हा रुळांकडे

१९ एप्रिल २०२१ ची संध्याकाळ. करोनाच्या दुसऱ्या लाटेने महाराष्ट्रातील रुग्णालये तुडुंब भरली होती. प्राणवायूच्या एकेका टाकीसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत धावाधाव चालू होती. त्या संध्याकाळी नवी मुंबईतील कळंबोली येथून एक आगळी गाडी विशाखापट्टणमकडे निघाली. सपाट वाघिणींवर सात रिकामे टँकर चढवून बांधलेले होते. टँकर चढवण्यासाठी लागणारा उतार रेल्वेच्या कर्मचाऱ्यांनी अवघ्या चोवीस तासांत उभा केला होता. साडेअठराशे किलोमीटरहून अधिक अंतर कापून ही गाडी विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्यात पोहोचली. तिथे शंभर टनांहून अधिक द्रवरूप प्राणवायू भरून घेऊन ती परतली आणि एकवीस तासांत नागपूरला आली. तीन टँकर नागपूरला उतरले, उरलेले चार २४ एप्रिलला नाशिकला पोहोचले. त्याआधी तीनच दिवस नाशिकच्या एका रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून वीसहून अधिक रुग्णांनी प्राण सोडले होते. त्या शहराला हे चार टँकर काय वाटले असतील, याची कल्पना कोणालाही करता येईल.

देशातील ही पहिली ‘ऑक्सिजन एक्सप्रेस’. तिचे कौतुक झाले आणि ते रास्तच होते. परंतु या पराक्रमाच्या पोटात एक बोचरी वस्तुस्थिती दडलेली होती, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. कळंबोलीहून पूर्वेकडे जाणारा जवळचा मार्ग सह्याद्रीच्या घाटातून आहे. वाघिणीवर चढवलेल्या टँकरची उंची त्या घाटातील बोगद्यांना आणि विजेच्या तारांना मानवणारी नव्हती. म्हणून गाडीला वसईमार्गे वर जाऊन, जळगाव-नागपूर-रायपूर असा लांबचा वळसा घालून विशाखापट्टणम गाठावे लागले. क्षणाक्षणाचे मोल होते, तरीही वळसा टळला नाही. एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या वाटेने एकविसाव्या शतकाचा प्राणवायू अडवला, असेच म्हणावे लागेल.

संकट ओसरले आणि तो वळसा विस्मरणात गेला. वास्तविक पाहता देशाच्या मालवाहतुकीचा सारा प्रश्न त्या एका वळशात सामावलेला आहे. माल कोणत्या वाटेने, कशावरून आणि किती खर्चात जातो हा व्यापाऱ्यांचा खासगी मामला नाही. शेतकऱ्याच्या पदरात काय पडते, शहरातील मूल कोणत्या हवेत श्वास घेते आणि परदेशी तेलावर देश किती अवलंबून राहतो, या साऱ्यांचा निकाल त्या वाटेवर लागत असतो.

घाटवाटा आणि रुळांची परंपरा

मालाची ने-आण हा या भूमीला नवा विषय नाही. कल्याण बंदरात उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरकडे जात असे. त्या घाटातील सातवाहनकालीन शिलालेख आणि जकातीशी ज्याचे नाते परंपरेने जोडले जाते तो दगडी रांजण आजही पाहायला मिळतो. पुढील अनेक शतके धान्य आणि मीठ देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेण्याचे काम बंजारा समाजाने केले. हजारो बैलांचे तांडे घेऊन हे लोक चालत. दुष्काळ असो वा युद्ध, तांडा पोहोचला की बाजार उघडे आणि छावणीतली चूल पेटे. या व्यवस्थेला तेलाचा थेंब लागत नसे. अर्थात तिच्या गतीला आणि क्षमतेला मर्यादा होत्या आणि आगगाडीपुढे ती टिकणे शक्य नव्हते.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली. पुढील बारा-तेरा वर्षांत रूळ बोरघाट आणि थळघाट चढून देशावर आले. घाट चढवण्यामागे इंग्रजांचा मुख्य हेतू वऱ्हाड-खानदेशचा कापूस बंदरात आणण्याचा होता, हे इतिहासाला ठाऊक आहे. हेतू काहीही असो, मार्ग या देशात राहिला. त्या घाटांत दर ३७ फुटांना एक फूट असा चढ आहे. म्हणूनच आजही कर्जतला आणि कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिने जोडून तिला वर ढकलावे लागते.

स्वातंत्र्यानंतर १९५०-५१ मध्ये देशातील मालवाहतुकीचा ८० टक्क्यांहून अधिक भार रेल्वे उचलत होती. पुढील सत्तर वर्षांत हा वाटा घसरत घसरत पाव हिश्श्याच्या आसपास आला. राष्ट्रीय रेल्वे योजनेने तो २७ टक्क्यांवरून २०३० पर्यंत ४५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. एवढी मोठी घसरण आपोआप होत नसते, आणि तिची कारणे नीट समजल्याखेरीज ती उलटवताही येत नाही.

ट्रक का जिंकला?

ट्रकला खलनायक ठरवणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. ट्रक जिंकला, कारण तो दारात येतो. नारायणगावच्या शेतकऱ्याचा टोमॅटो शेताच्या बांधावर भरला जातो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दूरच्या बाजार समितीत उतरतो. मधे कोठे हमाली नाही, मालधक्क्यावर ताटकळणे नाही, अर्ज-विनंत्या नाहीत. पाच टन माल असला तरी ट्रक येतो, पंधरा टन असला तरी येतो. रेल्वेची सारी रचना मात्र आख्ख्या गाडीभर मालावर उभी राहिली. कोळसा, लोहखनिज, सिमेंट, धान्य, खत असा एकाच जातीचा, एकाच ठिकाणी भरायचा आणि एकाच ठिकाणी उतरवायचा माल तिला मानवला. छोट्या उद्योजकाला, बागायतदाराला आणि शहरातील व्यापाऱ्याला ती परकी वाटू लागली.

दुसरे कारण भाड्याचे. रेल्वेच्या उत्पन्नाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग मालवाहतुकीतून येतो. प्रवासी भाडे वाढवणे राजकीयदृष्ट्या अवघड म्हणून वर्षानुवर्षे तोटा मालावर लादला गेला. सामान्य माणसाला तिकीट स्वस्त मिळाले, पण त्याच्याच घरी येणाऱ्या धान्या-सिमेंटच्या दरात तो खर्च मिसळला. एका खिशात टाकलेले पैसे दुसऱ्या खिशातून काढून घेण्याचा हा प्रकार झाला.

तिसरे कारण वेळेचे. एकाच रुळावरून राजधानी, पॅसेंजर, उपनगरी गाडी आणि मालगाडी धावत असेल, तर बाजूला उभे राहण्याची पाळी नेहमी मालगाडीवरच येते. त्यामुळे मालगाडीचा सरासरी वेग ताशी २५ किलोमीटरच्या आसपास रेंगाळत राहिला. त्याहूनही जाचक होती ती अनिश्चितता. माल उशिरा पोहोचेल हे व्यापारी सोसू शकतो, कधी पोहोचेल हेच ठाऊक नसणे त्याला परवडत नाही.

याच काळात रस्ते सुधारत गेले. अटलबिहारी वाजपेयी यांच्या काळात हाती घेतलेल्या सुवर्ण चतुष्कोन महामार्गाने दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता ही महानगरे रुंद रस्त्यांनी जोडली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुंबईच्या वेशीवरील जकात नाक्यांसमोरची ट्रकची रांग इतिहासजमा झाली. त्या एका निर्णयाने जे साधले, ते नवे इंजिन शोधूनही साधले नसते. धोरण बदलले की चाकेही बदलतात, याचा हा मोठा धडा होता. दुर्दैवाने रुळांच्या बाबतीत तो धडा फार उशिरा गिरवला गेला.

न दिसणारी किंमत

ट्रकच्या भाड्याच्या पावतीवर जे आकडे असतात त्यांत संपूर्ण किंमत लिहिलेली नसते. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आयात करावे लागते आणि त्यातील मोठा भाग डिझेल बनून महामार्गांवर जळतो. पश्चिम आशियात युद्धाचा भडका उडाला की लासलगावच्या कांद्याचे दिल्लीपर्यंतचे भाडे वाढते. परकीय चलन जाते ते वेगळेच. एकूण वाहनांत जड ट्रकांची संख्या अल्प आहे. पण रस्त्यावरील धुरातला त्यांचा वाटा संख्येच्या मानाने कितीतरी मोठा आहे. १ एप्रिल २०२० पासून नव्या वाहनांना भारत-६ हे कडक निकष लागू झाले, तरी जुने ट्रक अजूनही धावत आहेत.

याउलट पोलादी रुळावर पोलादी चाक फिरताना होणारा विरोध डांबरी रस्त्यावरील रबरी टायरच्या मानाने कित्येक पटींनी कमी असतो. म्हणूनच तेवढाच माल तेवढ्याच अंतरावर नेण्यासाठी रेल्वेला फार थोडी ऊर्जा पुरते. एक पूर्ण भरलेली मालगाडी साडेतीन-चार हजार टन माल ओढते. हाच माल रस्त्याने न्यायचा तर शेकडो ट्रक लागतील, तेवढे चालक लागतील आणि तेवढी गर्दी महामार्गावर होईल.

चालकाचा विचारही कोणी फारसा करत नाही. बहुसंख्य ट्रकमालकांकडे एक ते पाच गाड्या असतात आणि कर्जाचा हप्ता डोक्यावर असतो. भाडे टिकवायचे तर चालकाने झोप मोडून गाडी हाकायची, हा या धंद्याचा अलिखित नियम होऊन बसला. उन्हाळ्यात इंजिनाच्या उष्णतेने तापलेल्या केबिनमध्ये बारा-बारा तास बसणाऱ्या माणसाची सरकारला दखल घ्यावीशी वाटली आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या ट्रकांची केबिन वातानुकूलित असणे बंधनकारक झाले. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु महिन्यातील वीस रात्री घराबाहेर काढणाऱ्या माणसाला थंड हवेइतकीच घरच्या भाकरीची ओढ असते. नवी पिढी या व्यवसायात येण्यास का राजी नाही, याचे उत्तर तिथे आहे.

कोलाडचा प्रयोग

रूळ आणि रस्ता हे एकमेकांचे वैरी नाहीत, हे सिद्ध करणारा प्रयोग महाराष्ट्राच्याच भूमीवर झाला. कोकण रेल्वेने जानेवारी १९९९ मध्ये कोलाड ते गोव्यातील वेर्णा अशी ‘रो-रो’ सेवा सुरू केली. कल्पना अगदी साधी होती. भरलेला ट्रक उतारावरून थेट वाघिणीवर चढवायचा, साखळ्यांनी बांधायचा आणि चालक-क्लीनरने आपापल्या केबिनमध्ये बसून प्रवास करायचा. वेर्ण्याला पोहोचले की ट्रक उतरून आपल्या वाटेने निघून जातो. कशेडी, परशुराम यांसारख्या वळणावळणांच्या घाटांतून रात्र काढण्याऐवजी चालक झोप काढतो. डिझेल वाचते, टायर वाचतात, मुंबई-गोवा रस्त्यावरची गर्दी कमी होते. पुढे ही सेवा कर्नाटकातील सुरतकलपर्यंत गेली. २०२१ मध्ये प्राणवायूचे टँकर ज्या पद्धतीने वाघिणींवर चढले, ती पद्धत कोकणात दोन दशके आधीच रुळलेली होती.

हाच विचार पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्गिकेवर अधिक मोठ्या प्रमाणावर अवतरला. गुजरातेतील पालनपूरहून हरियाणातील रेवाडीपर्यंत दुधाचे टँकर आता वाघिणीवर बसून जातात. या मार्गिकांची कहाणी मुळातून समजून घेण्यासारखी आहे. दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता यांना जोडणारे लोहमार्ग हे देशातील एकूण मार्गांच्या सुमारे १६ टक्के आहेत, पण निम्म्याहून अधिक माल त्यांवरूनच वाहतो. तिथे गुदमरलेल्या गाड्यांना स्वतंत्र वाट देण्यासाठी २००६ मध्ये समर्पित मार्गिकांचे महामंडळ स्थापन झाले. लुधियाना ते सोननगर ही १३३७ किलोमीटरची पूर्व मार्गिका आणि दादरी ते जवाहरलाल नेहरू बंदर ही १५०६ किलोमीटरची पश्चिम मार्गिका आखली गेली. पहिली अनेक वर्षे भूसंपादनात आणि कागदांत गेली. ७ जानेवारी २०२१ रोजी रेवाडी-मदार टप्प्याच्या उद्घाटनाला दीड किलोमीटर लांबीची, एकावर एक कंटेनर रचलेली, विजेवर चालणारी गाडी धावली, तेव्हा कुठे या प्रकल्पाचे खरे रूप देशाला दिसले.

२०२५ मध्ये या २८४३ किलोमीटरपैकी २७४१ किलोमीटर मार्ग चालू झालेला होता. मागे राहिले होते ते १०२ किलोमीटर, आणि ते नेमके महाराष्ट्रातील, वैतरणा ते जवाहरलाल नेहरू बंदर या टप्प्याचे. २०२४-२५ मध्ये वीस फुटी मापाच्या ७३ लाखांवर कंटेनरांची चढ-उतार करणारे देशातील हे अग्रगण्य बंदर. त्यातील पाचवा हिस्साही रुळांवरून जात नाही, बाकी सारा भार उरण-पनवेल परिसरातील रस्त्यांवर पडतो. ज्या बंदरासाठी मार्गिका आखली, त्या बंदरालाच ती सर्वांत शेवटी भेटावी, हा दैवदुर्विलास म्हणावा काय? तसे म्हणून मोकळे होता येणार नाही. मुंबईभोवतीची दाट वस्ती, खाड्या, जमिनीचे दर आणि प्रशासनाची दिरंगाई या साऱ्यांची ती एकत्रित किंमत होती.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की पश्चिम मार्गिका बंदरातून थेट उत्तरेला वळते. सह्याद्री ती चढत नाही. मराठवाडा, विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्र तिच्या बाहेर राहतात. जालन्याचे पोलाद, नाशिकची द्राक्षे, सोलापूरचे डाळिंब, नागपूरची संत्री यांच्यापुढे घाटाचा जुना प्रश्न तसाच उभा राहतो. जालन्याला आणि वर्ध्याजवळ सिंदीला कोरडी बंदरे आखली गेली, पण कोरड्या बंदराला जोडणारा लोहमार्ग जितका सक्षम, तितकेच ते बंदर उपयोगी. पश्चिम किनारा आणि बंगाल यांना जोडणाऱ्या पूर्व-पश्चिम मार्गिकेचा विचार पुढे आलेला आहे. खानदेश आणि विदर्भाला तिचा लाभ मिळावा आणि घाटातून अधिक क्षमतेची, कमी चढाची वाट निघावी, यासाठी महाराष्ट्रातील लोकप्रतिनिधींनी पक्षभेद विसरून आवाज उठवला पाहिजे. स्थानकावर गाडीला थांबा मिळावा म्हणून जितकी निवेदने दिली जातात, त्याच्या दहाव्या हिश्श्याने तरी मालगाडीसाठी दिली गेली आहेत काय?

किसान रेल्वेने दिलेला धडा

७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून बिहारमधील दानापूरकडे पहिली किसान रेल्वे निघाली. तिची वैशिष्ट्ये शेतकऱ्याच्या मनाजोगती होती. मालाला किमान प्रमाणाची अट नव्हती. वाटेतील स्थानकांवर थोडा थोडा माल भरता येत होता, उतरवता येत होता. फळे आणि भाज्यांच्या भाड्यात ५० टक्के अनुदान होते. सांगोल्याचे डाळिंब, नाशिकचा भाजीपाला शेकडो कोस दूरच्या बाजारात पोहोचू लागला. २८ डिसेंबर २०२० रोजी शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालिमारकडे रवाना झाली, तेव्हा दुष्काळी टापूतल्या त्या गावाचे नाव देशभर पोहोचले.

२०२२ मध्ये अन्नप्रक्रिया मंत्रालयाच्या अनुदानाची मुदत संपली आणि ती लाट ओसरली. टीकाकारांनी लगेच निष्कर्ष काढला, की शेतमालासाठी रेल्वे कामाची नाही. हा निष्कर्ष घाईचा आहे. जळगाव जिल्ह्यातील सावदा आणि रावेर येथून केळी रेल्वेने दिल्लीला जाण्याची परंपरा कित्येक दशकांची आहे. तिथे बागायतदारांनी स्वतः संघटित होऊन वाघिणी भरल्या आणि दिल्लीच्या बाजाराशी कायमचे नाते जोडले. याचा अर्थ असा, की जिथे शेतकऱ्यांची संघटना, ठरलेले वेळापत्रक आणि हमखास बाजारपेठ असते, तिथे रेल्वे टिकते. जिथे केवळ अनुदान असते, तिथे ती अनुदानाबरोबर जाते. मालधक्क्यालगत शीतगृह नाही, सावली नाही, प्रतवारीची सोय नाही, आणि नाशवंत माल उन्हात गाडीची वाट पाहतो आहे, अशा अवस्थेत कोणता शेतकरी दुसऱ्यांदा येईल? अनुदानाच्या रकमेतील काही भाग पहिल्याच दिवसापासून या सोयींकडे वळवला असता, तर चित्र वेगळे दिसले असते. सहकाराची एवढी मोठी परंपरा सांगणाऱ्या महाराष्ट्रात तालुक्याच्या खरेदी-विक्री संघाने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने स्थानकाजवळ असे केंद्र चालवणे अशक्य नाही.

उद्योगांनी हे करून दाखवले आहे. २०१३-१४ मध्ये देशातील मोटारींपैकी दोन टक्केही रेल्वेने जात नव्हत्या. दहा वर्षांत हे प्रमाण पाचव्या हिश्श्याच्या आसपास पोहोचले. खास वाघिणी बनल्या, आणि मार्च २०२४ मध्ये गुजरातेतील हंसलपूर येथे मोटारींच्या कारखान्याच्या आवारातच लोहमार्ग आला. खासगी गुंतवणुकीतून मालवाहतुकीची स्थानके उभारण्याच्या ‘गतिशक्ती कार्गो टर्मिनल’ धोरणाखाली २०२५ पर्यंत शंभरावर ठिकाणे सुरू झाली. रूळ दारात आला की माल रुळावर येतो, एवढेच या अनुभवाचे सार आहे.

समुद्र, वीज आणि काही अवघड प्रश्न

रुळांपेक्षाही स्वस्त वाट पाण्याची. चौल, दाभोळ, सोपारा ही नावे एकेकाळी दूरदेशीचे खलाशी जाणत होते. तो किनारा आज देशांतर्गत माल नेण्यासाठी फारच थोडा वापरला जातो. २०१६ च्या कायद्याने १११ राष्ट्रीय जलमार्ग घोषित झाले, २०१८ मध्ये कोलकात्याहून गंगेवाटे कंटेनर वाराणसीला पोहोचले आणि २०२५ मध्ये किनारी नौवहनाचा नवा कायदा आला. दिशा योग्य आहे. मात्र पालघर जिल्ह्यातील वाढवण येथे ३० ऑगस्ट २०२४ रोजी ज्या महाबंदराची पायाभरणी झाली, त्याला तिथल्या मच्छीमारांनी केलेला विरोध दुर्लक्षून चालणार नाही. पर्यावरणपूरक वाहतुकीच्या नावाने किनाऱ्यावरच्या माणसाचीच उपजीविका उखडली जाणार असेल, तर ‘शाश्वत’ हा शब्द कागदावर राहील. प्रकल्प व्हावा, पण जाळे विणणाऱ्या हाताला त्यात सन्मानाचे स्थान मिळाल्यावरच.

विजेवरचे ट्रक हे या चित्रातील नवे आगमन. केंद्राच्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेत त्यांच्यासाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद झाली. एका ट्रकमागे कमाल ९.६ लाख रुपयांपर्यंत साहाय्य देण्याचे जुलै २०२५ मध्ये जाहीर झाले. बंदरापासून गोदामापर्यंत, कारखान्यापासून मालधक्क्यापर्यंत अशा ठरलेल्या, कमी अंतराच्या फेऱ्यांना हे ट्रक उत्तम. परंतु हजार-दोन हजार किलोमीटरच्या पल्ल्यात बॅटरीचे वजन मालाची जागा खाते आणि चार्जिंगमध्ये वेळ जातो. रेल्वे हा प्रश्न केव्हाच सोडवून बसली आहे. तिची वीज डोक्यावरच्या तारेतून येते, पाठीवर वाहावी लागत नाही. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत पहिली विजेची गाडी धावली आणि बरोबर शंभर वर्षांनी, २०२५ मध्ये, ब्रॉडगेज मार्गांच्या विद्युतीकरणाने ९९ टक्क्यांचा टप्पा गाठला.

इथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. ही वीज शेवटी कोळशातूनच येत असेल, तर धूर फक्त रुळांवरून चिमणीकडे सरकला, असे नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. ऊर्जा मुळातच कमी लागत असल्याने आजही लाभ आहे, आणि सौर व पवन ऊर्जेचा वाटा जसजसा वाढेल तसतशी तीच गाडी, तेच इंजिन अधिक स्वच्छ होत जाईल. डिझेलच्या ट्रकला तशी सोय नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. २०२४-२५ मध्ये रेल्वेने १६१ कोटी टनांहून अधिक माल वाहिला आणि त्यातील जवळपास निम्मा कोळसा होता. देश जसा कोळशापासून दूर जाईल, तसे रेल्वेचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक आटत जाईल. ती पोकळी भरण्यासाठी रेल्वेला आजपासूनच औषधे, कापड, यंत्रभाग, फळे आणि घरगुती वस्तू यांच्या दारात गेले पाहिजे. नाहीतर हरित ऊर्जेचे स्वप्न साकार होत असताना देशाचे सर्वांत हरित वाहन रिकाम्या वाघिणी घेऊन उभे असेल. भाड्यात लवचीकता, वेळेची हमी आणि छोट्या मालाचा आदर, ही त्रिसूत्री स्वीकारल्याखेरीज ४५ टक्क्यांचे उद्दिष्ट हे केवळ उद्दिष्टच राहील.

डबेवाल्यांचा आदर्श

आदर्शासाठी परदेशात जाण्याचे कारण नाही. मावळ-जुन्नर परिसरातून आलेला मुंबईचा डबेवाला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ हेच शास्त्र आचरत आला आहे. घरापासून स्थानकापर्यंत सायकल किंवा हातगाडी, लांबच्या अंतराला लोकल आणि पुन्हा स्थानकापासून कचेरीपर्यंत पायपीट. ज्या अंतराला जे साधन योग्य, ते तिथे वापरायचे, आणि हातबदल होताना डबाही चुकवायचा नाही आणि वेळही चुकवायची नाही. देशाच्या मालवाहतुकीला नेमके हेच हवे आहे. लांबचा पल्ला रूळ आणि पाण्याचा, जवळचा पल्ला ट्रकचा, आणि दोहोंच्या मधे बिनचूक हातबदल. त्यात ट्रकचालकाचा रोजगार जात नाही. उलट दोन-तीनशे किलोमीटरच्या फेऱ्या करून तो रात्री घरी परततो.

सरकारने मार्गिका बांधाव्यात, रेल्वेने आपला कारभार बदलावा, हे सारे खरेच. परंतु समाजाचाही यात वाटा आहे. भ्रमणध्वनीवर बोट टेकताच दहा मिनिटांत कोथिंबिरीची जुडी दारात हवी, बारमाही प्रत्येक फळ हवे आणि ते हजारो मैलांवरूनही चालेल, ही सवय मध्यमवर्गीय घराला अलीकडेच लागली. त्या दहा मिनिटांची किंमत कोणीतरी रस्त्यावर जीव मुठीत धरून चुकवत असतो. ऋतूप्रमाणे आणि प्रांताप्रमाणे खाणे, जवळच्या बाजारातून घेणे, घाई नसलेल्या वस्तूसाठी दोन दिवस थांबणे, हे आजीच्या काळचे शहाणपण आता पर्यावरणाचा विचार ठरते.

एप्रिल २०२१ मध्ये चोवीस तासांत उतार उभा राहिला, कारण माणसे मरत होती आणि ते सर्वांना दिसत होते. धुराने होणारे मरण संथ असते, अपघाताचे मरण विखुरलेले असते, आणि शेतकऱ्याच्या हातून निसटणारा रुपया कोणाला दिसत नाही. म्हणून त्यांच्यासाठी चोवीस तासांची घाई होत नाही, वीस वर्षे लागतात. त्या वेळी दाखवलेली निकड शांततेच्या काळातही दाखवता आली, तर सह्याद्रीपलीकडे जाणाऱ्या पुढच्या गाडीला वळसा घालावा लागणार नाही.